आठ दाणे कमी

दोष वडील प्रिझर्व्ड हॅगेटचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी 'चूक दोन्हीकडची होती' असं म्हणत बसायला नको. मी लाकडी वाडगा बोलतोय. बेथेलच्या सभाघरातला, मतांचा. माझ्या पोटात मक्याचे आणि घेवड्याचे दाणे पडतात आणि त्यावरून माणसं वसाहतीत राहतात किंवा बाहेर जातात. जे झालं ते बहुतेक मी पाहिलंय, उरलेलं ऐकलंय, आणि मला कुणी साक्षीला बोलावलेलं नाही. म्हणून न बोलावता बोलतो.

'वडील' म्हणजे बाप नव्हे. हॅगेटला मूलबाळ नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्याला इथे वडील म्हणतात, आणि एकदा माणूस वडील झाला की त्याचं चुकत नाही.

ही माणसं समुद्र ओलांडून आली ती तिकडच्या धर्माधिकाऱ्यांच्या जाचाला कंटाळून. कोण कशी प्रार्थना करतो, कुठे गुडघे टेकतो, यावर तिकडे हेर होते म्हणे. असतीलही. पण इथे उतरल्यावर यांनी पहिलं काम काय केलं? एकमेकांवर पहारा बसवला. त्याचं नाव 'प्रेमळ पहारा'. भावाने भावावर प्रेमाने नजर ठेवायची आणि त्याचा पाय घसरला की प्रेमाने मंडळीला कळवायचं. प्रेम इतकं उतू जात होतं की कुणाच्या धुराड्यातून किती वेळ धूर निघाला हे शेजारच्या घरात पाठ असायचं. एकट्या माणसाने वेगळं घर करून राहायला बंदी. एकटा असला तर आतून त्याच्यावर नजर ठेवणार कोण?

मी मूळचा इथलाच. हे लोक जहाजातून उतरले तेव्हा मी नदीकाठच्या मॅपलच्या खोडावरची एक गाठ होतो, माणसाच्या डोक्याएवढी. मला कुऱ्हाडीने उतरवलं एनॉस पेटिंगिलने. एनॉस बेथेलचा कातारी. पायाने फळी दाबायची, दोरीने लाकूड गरगर फिरायचं, त्यावर तो पटाशी धरायचा आणि सालपटं लांब लांब सुटायची. बोलायला धीमा, हाताने चलाख. त्याच्या बायकोचं नाव सायलेन्स, म्हणजे मौन. नाव ठेवणाऱ्यांनी जरा थांबायला हवं होतं.

"या कुबडाचं काय करणार?" तिने मला उचलून विचारलं.

"वाडगा."

"कुणासाठी?"

"दोन वर्षं कुणासाठीच नाही. सुकू दे आधी."

गाठीचं लाकूड माळ्यावर दोन वर्षं सुकवतात. आम्हा लाकडांची ती शाळा. मी सहा महिन्यांत बाहेर पडलो. पडलो म्हणजे काढला गेलो. त्यामुळे माझ्या काठाला एक चीर आहे आणि माझ्या रेषांत ओल आणि वास लवकर शिरतो नि मग निघत नाही. अर्धवट शाळा सोडलेल्याला लोक नावं ठेवतात. ठेवोत. पूर्ण सुकलेल्या लाकडात बाहेरचं काहीच शिरत नाही, हे मी वडिलांकडे बघून शिकलो.

मला घाईने काढायचं कारण होतं एक टोपी.

तोवर बेथेलमध्ये मतं टोपीत पडायची. प्रत्येक सभासदाला एक दाणा मक्याचा आणि एक घेवड्याचा. मका म्हणजे हो, घेवडा म्हणजे नाही. मूठ मिटून टोपीत एक टाकायचा, दुसरा परत द्यायचा. प्रिझर्व्डची वडील म्हणून निवड झाली तीही अशीच, आणि टोपी त्याचीच होती. निकाल लागला, प्रार्थना झाली आणि एनॉस उठून उभा राहिला.

"राग नको, पण ज्याची निवड त्याचीच टोपी, हे बरं दिसत नाही. आत अस्तर आहे. अस्तराला फट आहे. दाणा अडकतो."

"माझ्यावर संशय आहे का, एनॉसभाऊ?"

"तुमच्यावर नाही. टोपीवर."

मागच्या बाकांवर दोघं-तिघं हसले. सभाघरात हसणं म्हणजे गुन्हाच. प्रिझर्व्डने कोण कोण हसलं ते शांतपणे पाहून ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मग तूच एक भांडं दे मंडळीला. तळ दिसेल असं."

त्या रात्रीपर्यंत मी माळ्यावर होतो. चार दिवसांनी मी वडिलांच्या घरच्या फळीवर होतो, कारण मंडळीच्या वस्तू वडिलांच्या ताब्यात असतात. फळीवरून मला त्याचं घर दिसायचं. दाराला आतून एक बारीक भोक होतं. रस्त्यावरून कोण कुणाबरोबर जातंय ते त्याला त्यातून दिसायचं आणि मला तो दिसायचा, पाठमोरा, वाकलेला. प्रार्थनेला तो इतका वेळ कधी वाकलेला मी पाहिला नाही.

हंगाम संपला तेव्हा पुढच्या वर्षीच्या पेरणीचा सगळा मका एकाच खड्ड्यात पुरायचं ठरलं. घराघरात ठेवला तर लोक खातील, असा वडिलांचा संशय. खड्डा सभाघरामागे, त्यावर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली वडिलांच्या कमरेला.

एनॉस तिथेही बोलला. "कणसं अजून ओली आहेत. नदीपलीकडचे मूळचे लोक ती धुरावर पक्की वाळवतात. खड्ड्याला आतून झाडाची साल लावतात, वर चटया घालतात. आपणही तसं करू."

"म्हणजे खड्डा कसा खणायचा हे आपण मूर्तिपूजकांकडून शिकायचं?"

"खड्ड्याला कुठे धर्म असतो, वडील?"

"सगळ्याला असतो," प्रिझर्व्ड म्हणाला, आणि ओला मका उघड्या मातीत गेला.

आता हे नीट ऐका. जानेवारीत, भर थंडीत, एका सकाळी प्रिझर्व्डने मला फळीवरून काढलं आणि कोटाच्या आत घातलं. लोक खाडीवर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, खणायला गेले होते. बर्फाखालचा चिखल फोडून मिळतील त्या तिसऱ्या, एवढ्यावरच वसाहत जगत होती. त्याने खड्ड्याचं कुलूप काढलं, झाकण सरकवलं आणि मला आत खुपसलं. तो स्वतःसाठी मका काढायला आला होता की नुसता पाहायला, ते मला माहीत नाही. माझा संशय मी सांगितला तर तुम्ही म्हणाल हा वाडगा सुडाने बोलतोय. मी खुपसला गेलो ते सांगतो. आत दाणे नव्हते. काळा, ऊबदार, लिबलिबित लगदा होता. सगळं बियाणं कुजलं होतं. वरपासून खालपर्यंत.

तो बर्फात बसला. तोंडावर हात ठेवून बराच वेळ बसला. त्या वेळी तो मला जवळजवळ माणूस वाटला. 'माझी चूक झाली' एवढं सभाघरात म्हणाला असता तर लोक रडले असते, ओरडले असते आणि वसंतापर्यंत काही ना काही सोय झाली असती. मग त्याने डोकं वर केलं आणि आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही याची खात्री झाल्यावर त्याचा चेहरा परत वडिलांचा झाला. झाकण लावलं. कुलूप घातलं. मला मूठभर बर्फाने घासलं, तीनदा. लगदा निघाला. वास माझ्या चिरेत राहिला.

पुढच्या शब्बाथला, म्हणजे रविवारी, तो उभा राहून म्हणाला, "बियाणं चोरीला गेलंय. अर्धंअधिक. उरलेलं मी बंद केलंय. पेरणीपर्यंत झाकण कुणी उघडायचं नाही, थंडी आत शिरेल."

 मग प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. प्रेमळ पहाऱ्यासारखं नव्हे, उघड. त्या आठवड्यात बेथेलमध्ये जे चाललं ते वर्णन करायची मला लाज वाटते. बायका एकमेकींच्या मुलांच्या गालांकडे बघायच्या, कुणाचे वर आलेत म्हणून. चूल पेटली की दारात कुणीतरी 'सहज आलो' म्हणून उभं. कुणाच्या घराबाहेर शिंपल्यांचा ढीग लहान दिसला, तर हे मग खातात काय, असा सवाल. चौथ्या दिवशी एनॉसच्या घरात मक्याचं पोतं सापडलं.

"हे कुठलं?" प्रिझर्व्डने विचारलं. दारात निम्मी वसाहत.

"पलीकडून. नऊ वाडगे दिले, एक पोतं घेतलं."

"परवानगी?"

"घेतली नाही. मागितली असती तर तुम्ही दिली नसती."

"मग हा पलीकडचाच मका कशावरून?"

सायलेन्स पुढे आली. "वास घ्या की. धुरावर वाळवलाय. आपल्याकडे कुणी वाळवला होता का? आणि इन्क्रीझच्या घरी याच पोत्यातला घाटा दोनदा गेलाय. विचारा त्याला."

इन्क्रीझ डाऊड त्यांच्या शेजारचा. एनॉस आणि तो एकाच जहाजातून, एकाच पेटीवर आळीपाळीने झोपत आले होते. नावाचा अर्थ वाढ, आणि अंगावरची हाडं लांबून मोजून घ्यावीत. तो गर्दीत मागे होता. सगळे वळले तसा म्हणाला, "घाटा आला होता. मका कुठला ते मी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस?" सायलेन्स म्हणाली. "तू भांडं चाटलंस, इन्क्रीझ. माझ्यासमोर."

खोटं तो काही बोलला नाही. इथले लोक खोटं बोलायला फार भितात. फक्त जेवढं खरं बोललं की अंगाशी येत नाही, तेवढंच बोलतात.

पुढच्या बुधवारचा उपास जाहीर झाला आणि त्याच दिवशी मत. एनॉस आणि सायलेन्सला वसाहतीत ठेवायचं की हाकलायचं? मका म्हणजे ठेवा. घेवडा म्हणजे हाकला. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ, सर्वांत जवळची दुसरी वसाहत दोन दिवसांच्या चालीवर, आणि जे काही ठरेल ते त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत. तिथे काय पणाला लागलं होतं हे लहान पोरांनाही कळत होतं.

नगारा वाजला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. सभाघरात शेकोटी नसते, तोंडाची वाफ दिसते. मंगळवारी सूर्य मावळल्यापासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. त्याआधीही फार नव्हतंच. मत द्यायला अठरा सभासद. एनॉसला अर्थातच मत नव्हतं.

प्रिझर्व्ड दाणे घेऊन आला. दरवेळी दाणे प्रवचनानंतर वाटतात. त्या दिवशी त्याने आधी वाटले. आणि दरवेळी मका कच्चा असतो. त्या दिवशी भाजलेला होता.

"भाजलेला का?" पाळकसाहेबांनी विचारलं. पाळक भला माणूस. भला म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तराने समाधान करून घ्यायचं.

"चोरी झालीय, साहेब. कच्चा दिला तर कुणी बियाणं म्हणून खिशात ठेवील. भाजलेला पेरता येत नाही."

"बरोबर आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि वाळूचं घड्याळ उलटं केलं.

बरोबर आहे? आदल्या संध्याकाळपासून उपाशी माणसाच्या मुठीत भाजलेला मक्याचा दाणा द्यायचा आणि त्याला दोन तास बसवून ठेवायचं? घेवडा कच्चा, दगडासारखा, तो कुणाला खायचा नाही. वडिलांनी हे जाणूनबुजून केलं का? मला शाबीत करता येणार नाही. मी टेबलावर होतो आणि माझ्यासमोर तो हात जोडून, डोळे अर्धे मिटून बसला होता. त्याचे अर्धे उघडे डोळे समोरच्या बाकांवरच्या मुठींवर होते.

पहिली वाळू संपेपर्यंत मुठी गुडघ्यांवर होत्या. दुसऱ्या वाळूला एक मूठ नाकाखाली गेली, खोकला दाबायला म्हणून. मग दुसरी. चावायचं धाडस कुणाचं झालं नसतं, त्या शांततेत मक्याचा दाणा फुटला तर छतापर्यंत ऐकू गेलं असतं. म्हणून चोखायचे. गाल हलत नव्हते, जबडे हलत नव्हते, फक्त सभाघरात हळूहळू भाजलेल्या मक्याचा गोडूस वास पसरत गेला. पाळक स्वर्गातल्या मेजवानीबद्दल बोलत होते.

मग एकेक जण उठला आणि माझ्यात दाणा टाकून गेला. मिटलेली मूठ, वळवलेला चेहरा, टक्. घेवडा जड पडतो, मका हलका. मला पाहायचीही गरज नव्हती. मग इन्क्रीझ आला. टक्. जड.

पाळकसाहेबांनी मोजलं. घेवडे अकरा. मके सात.

"हाकलण्याच्या बाजूने अकरा," ते म्हणाले.  मग रीत म्हणून त्यांनी परत आलेल्या दाण्यांची पिशवी रिकामी केली. ज्यांनी घेवडा टाकला त्यांनी मका परत द्यायचा. अकरा मके यायला हवे होते. आले तीन.

पाळकसाहेबांनी पिशवी झटकली. आतून बाहेर केली.

"तीनच?"

 उपासाच्या दिवशी, सभाघरात, प्रवचन चालू असताना खाणं. कबूल करायचं तर सगळ्या मंडळीपुढे उभं राहून, नाव घेऊन, रडून. वर्षभर मागच्या बाकावर. बायकापोरांसकट.

मी सांगतो हिशेब काय होता. तिघांना एनॉस नको होता. आठ जणांना भूक लागली होती.

"दात दाखवा!" सायलेन्स उभी राहिली होती. बायकांनी सभाघरात बोलायचं नसतं. "पाळकसाहेब, एकेकाला तोंड उघडायला सांगा. अकरा जणांनी मला हाकललं की भुकेने, ते दातात दिसेल!"

"बाई, खाली बसा," प्रिझर्व्ड म्हणाला.

"तुम्ही आधी उघडा, वडील. तुमचं तर घरीच भरलेलं असतं."

"सायलेन्सबाई, नावाला तरी जागा!"

यावरही कुणी हसलं नाही. आणि मग एनॉस टेबलापाशी आला. तो मला घ्यायला आला नव्हता, दाणे परत मोजायला आला होता. त्याने ते ओतले आणि मला उचललं. कातारी लाकूड उचलतो ते नाकाजवळ नेऊन. सवय. त्याचं नाक माझ्या काठाच्या चिरेवर थांबलं.

"हा कशात बुडवला होता?" त्याने हळू विचारलं.

प्रिझर्व्डने मला घ्यायला हात पुढे केला.

"वडील, मी विचारतोय. याला कुजक्या मक्याचा वास येतोय. मतांचा वाडगा हा. यात कुजका मका कुठून आला? खड्डा उघडा. आत्ता उघडा."

"वडिलांवर आरोप करतोयस?"

"वास घ्या म्हणतोय."

"मंडळीचा नियम सगळ्यांना माहीत आहे," प्रिझर्व्ड पाळकांकडे वळला. "वडिलांवरचा आरोप एकाच्या तोंडून ऐकायचा नाही. दोन साक्षीदार लागतात. पहिला हा, ज्याला हाकललंय तो. दुसरा कोण?"

एनॉसने बाकांकडे पाहिलं. त्याला शोधावं लागलं नाही. "इन्क्रीझ, ये. वास घे आणि काय येतो ते सांग. एवढंच."

इन्क्रीझ आला. मला दोन्ही हातांनी धरून तोंडासमोर नेलं. आम्ही एकमेकांच्या इतके जवळ होतो की त्याला माझा वास आला आणि मला त्याचा. त्याच्या डाव्या गालात तो दाणा अजून होता. बाकीच्यांनी गिळून टाकले होते. याने पुरवून पुरवून ठेवला होता. त्याला कुजका वास आलाय हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. डोळे माझ्या चिरेवरून एनॉसकडे गेले आणि परत आले.

"बोल," एनॉस म्हणाला.

बोलायचं तर तोंड उघडावं लागणार. गिळायचं तर त्या वाळक्या गळ्यातला कंठ सगळ्यांसमोर वरखाली होणार. प्रिझर्व्ड त्याच्या गालाकडेच बघत होता, अगदी प्रेमाने.

"इन्क्रीझभाऊ," वडील म्हणाले, "येतोय का काही वास? तोंडाने सांग."

इन्क्रीझने ओठ घट्ट मिटून मान हलवली. नाही.

झालं एवढंच. मला टेबलावर ठेवलं. पाळकसाहेबांनी नियमाप्रमाणे निकाल वाचला. एनॉसने एकदाच विचारलं, "माझं यंत्र?" आणि ते मंडळीकडे राहील असं प्रिझर्व्डने सांगितलं. एक घोंगडी, एक कुऱ्हाड, बस. दोघं दारातून गेले. सायलेन्स जाताना इन्क्रीझच्या बाकापाशी थांबली, मग बाहेर पडली. दार बंद झाल्यावर इन्क्रीझने गिळलं. मला ऐकू आलं.

एप्रिलमध्ये खड्डा उघडला. बी मोजून द्यायला मलाही तिथे नेलं होतं. सगळी वसाहत भोवती, कुदळी-फावडी घेऊन. झाकण सरकलं आणि लोक मागे हटले. अर्धा खड्डा रिकामा असायला हवा होता ना? तो काठोकाठ भरलेला होता. काळा, वर बुरशीचं पांढरं पांघरूण. एक मूठभरही कुणी चोरलं नव्हतं.

"खड्डा भरलेला आहे," इन्क्रीझ म्हणाला.

"काय म्हणालास?" प्रिझर्व्डने विचारलं.

"काही नाही."

"आपल्या पापांमुळे बियाण्यावर देवाचा हात पडला आहे," वडील मंडळीला म्हणाले. "उद्या उपास."

माणसं उभी होती आणि प्रत्येकाला कळलं होतं. मी पाहत होतो तोंडं. प्रत्येकाला कळलं होतं आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला कळलंय का ते बघत होता. बोलायचं तर 'मग आपण त्यांना का हाकललं' इथे यावं लागणार, आणि तिथून त्या आठ दाण्यांवर. त्यांनी फावडी उचलली आणि खड्डा बुजवला.

पेरायला दाणा नाही. शेवटी ज्यांच्याकडून खड्डा खणायला शिकायचं नव्हतं त्यांच्याकडेच बी मागायला माणूस पाठवायचं ठरलं. कुणी जाईना, म्हणून इन्क्रीझ. हातात मी, भिक्षापात्रासारखा.

नदीपलीकडच्या गावात कणसांच्या मचाणाखाली सायलेन्स दाणे सोलत बसलेली होती. अंगावर त्यांच्यासारखंच कातडं. तिने आधी मला ओळखलं, मग त्याला.

"आता तोंड उघडता येतं का?" ती म्हणाली.

इन्क्रीझ उभाच. "सायलेन्स, मला... मला तेव्हा..."

"दाणा होता तोंडात. माहीत आहे. मी तुझ्या समोरच्या बाकावर होते. काय हवंय?"

"बियाणं."

"कुजलं ना ते?"

"हो."

"मोठ्याने म्हण. इथे पहारा नाही."

"कुजलं होतं. सगळं. आधीपासून. मला वास आला होता."

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाली, "बायकोला बरं आहे का तुझ्या?" आणि गावातल्या म्हातारीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. म्हातारीने मान हलवली. सायलेन्सने मला ओढून घेतलं आणि काठोकाठ मका भरला. मग आणखी एक टोपली.

एनॉस झोपडीच्या दाराशी घोंगडी पांघरून बसला होता. ऊन होतं तरी हात आतच. इन्क्रीझ त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि मला त्याच्यापुढे धरलं. "बघ, तुझाच आहे," असं काहीतरी पुटपुटला. एनॉसने माझ्याकडे पाहिलं. चिरेकडे पाहिलं. घेतलं नाही.

"नदीवरचा बर्फ फुटला त्या संध्याकाळी," सायलेन्स मागून म्हणाली. "मी गेले खाली. याने हात घालून ओढलं मला, इथे पोहोचेपर्यंत ते हात ओलेच, गोठलेले. बाकी काय सांगू?"

"बोलू नकोस," एनॉस म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

बी आलं, पेरलं, उगवलं. प्रिझर्व्ड हॅगेट अजून वडील आहे. इन्क्रीझने एनॉससाठी निरोप घेऊन परत जायचं दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून रस्त्यातून वळला. पाळकसाहेबांनी एक नियम केला. दाणे प्रवचनानंतरच वाटायचे, आधी कधीच नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. एनॉसचं यंत्र सभाघरामागे पावसात आहे, ते चालवता येणारा दुसरा कुणी नाही.

मी वडिलांच्या फळीवर आहे. मतांच्या दिवशी काढतात, पुसतात, टेबलावर ठेवतात. वास गेलेला नाही. माझं मागणं फार नाही. माझ्यात दाणा टाकायला याल तेव्हा एकदा वाका. नाक माझ्या चिरेपाशी आणा. आणि कुणी विचारलं तर तोंड उघडा, आत काहीही असलं तरी.

एनॉसला त्या बुधवारपायी उजव्या हाताची चार बोटं गमवावी लागली आणि डाव्या हाताची तीन. त्यानंतर त्याने लाकूड कातलेलं नाही.